आरोपी कारकून बय्यूमी

कफ्र झहरान गावातली दुकानाची प्रत्येक पाटी म्हणजे बय्यूमीच्याच हातची. खाटीक असो की दातांचा डॉक्टर, अक्षर तेच, डौलदार. निवडणुकीत तो सगळ्याच पक्षांचे फलक रंगवायचा आणि मत कोणालाच द्यायचा नाही. असा हा थंड डोक्याचा माणूस रविवारी दस्सूकी न्हाव्याच्या डोक्यात आपली रंगकामाची शिडी घालून मोकळा झाला. शिडीला लाखेचं सील लागून ती मुद्देमाल झाली आणि बय्यूमी आरोपी.

सरकारी वकिलांच्या कचेरीत खरं तर तिघं साहेब हवेत. होते एकटे मुहाब बे. एकाची बदली झाली होती, दुसरा प्रशिक्षणाला गेला तो गेलाच. कारकून आजारी रजेवर, आणि कायदा असा की कारकुनाने लिहून घेतल्याखेरीज जबाब हा जबाबच नव्हे. वरून माणसं येत नव्हती, काम मात्र न मागता येत होतं. अडल्या वेळी कुणालाही शपथ देऊन कारकून करता येतं, म्हणून मुहाब बे व्हरांड्यात माणूस शोधत होते. शिपायाला लिहिता येत नव्हतं आणि वकील मंडळी त्यांना पाहताच जिन्याकडे पळत होती.

“तुझं अक्षर चांगलं आहे म्हणे?” त्यांनी बेड्या घातलेल्या बय्यूमीला विचारलं.

“गावभर लावलंय, बाशा.” साहेबाला तिथे सगळे बाशाच म्हणत.

“मग घे शपथ.”

बेड्या निघाल्या, हातात पेन आलं. म्हैसचोर, भांडखोर सासवा, भेसळीच्या तेलाचे व्यापारी, सगळ्यांचे जबाब बय्यूमी वळणदार अक्षरात लिहू लागला. तुंबलेली कामं भराभर निघाली. अडलं फक्त त्याचं स्वतःचं, कारण आपल्याच जबाबाला आपणच कारकून चालत नाही.

“माझं कधी, बाशा?”

“कारकून मिळाला की.”

“कारकून मीच आहे ना!”

“तीच तर पंचाईत आहे, बाबा.”

संध्याकाळी तो मुकाट्याने कोठडीत जाई, सकाळी पुन्हा कामावर. पण गुरुवारी त्याच्या मुलीचा, रदवाचा, निकाह होता. निकाह लागताना रुमालाखाली जावयाचा हात मुलीच्या बापानेच धरायचा असतो, आणि बाप तर इथे दुसऱ्यांची भांडणं उतरवून घेत होता.

बुधवारी होणारा जावई, नोमान, जेवणाचा डबा घेऊन आला. मुहाब बेंची नजर त्याच्यावर पडली.

“लिहिता येतं?”

“येतं, बाशा.”

“आरोपीचा नातेवाईक?”

“उद्यापासून.”

“मग आज चालशील. बस!”

आनंद व्हायचा तो राहिला बाजूला, बय्यूमीचा चेहरा पांढराफटक पडला.

“शिडी का मारलीस?”

“हातातून निसटली, बाशा.”

“दस्सूकी म्हणतो, दोनदा निसटली. खरं सांग, खोटं लिहून घ्यायला मला वेळ नाही.”

बय्यूमी जमिनीकडे बघत बोलला, “तो माझी दाढी करत होता, तेव्हा मी म्हटलं, माझा होणारा जावई बिनकामाचा आहे. दस्सूकी म्हणाला, अगदी खरं, सगळं गाव हेच म्हणतं. मग मी मारली.”

“पण आधी तूच म्हणालास ना?”

“मी म्हणेन, बाशा! तो कोण म्हणणार?”

नोमानचं पेन थांबलं. “काका, बिनकामाचा की अगदी बिनकामाचा?”

“अगदी दस्सूकी म्हणाला. मी नुसता.”

नोमानने तसंच लिहिलं. मग रीतीप्रमाणे आरोपीला सगळं वाचून दाखवलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण एक शब्द गाळला नाही, एक सौम्य केला नाही, आवाजही चढवला नाही. बय्यूमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ते खोड, पोरा.”

“खाडाखोड चालत नाही,” मुहाब बे म्हणाले. “सही कर. हमीवर सोडतो तुला. शिडी मात्र इथेच राहील.”

बय्यूमीने सही केली. दोघे दाराशी पोचले, तोच मागून आवाज आला, “ए नोमान! शनिवारपासून येशील ना? कारकून लागेल मला.”

बय्यूमी वळला आणि नोमानच्या पुढे येऊन उभा राहिला.

“मी येईन, बाशा. ह्याला सोडा. कामाचा माणूस आहे.”

नोमान हळूच म्हणाला, “काका, हे लिहून घेऊ का?”