मास्तरांचा डावा पाय

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे क्लचमास्तर म्हणत. इतरांच्या गाडीची क्लचप्लेट वर्षात जळायची. मास्तरांची गाडी शिकाऊ लोकांचे धसमुसळे पाय सोसूनही तीन-तीन वर्षं तग धरायची. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

मी चाळिशी उलटल्यावर शिकायला गेले. पहिले दोन दिवस त्यांनी मला रेसच्या पेडलला पाय लावू दिला नाही. "पहिला गिअर टाका. आता क्लच सोडा, झोपलेल्या पोराखालून हात काढतो तसा. बॉनेट जरा उचलल्यासारखं झालं? थांबा तिथंच. आता रेस." गिअर बदलला की पाय थेट जमिनीवर. क्लचवर पाय टेकवून बसलेलं माणूस दिसलं की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. स्टीअरिंग पूर्ण वळवून मी जोरात निघाले, तेव्हा म्हणाले, "ताई, या गाडीत पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि त्यांनीच वळायचं. थोरल्या सुनेची गत. जरा सरळ होऊ द्या, मग लावा कामाला."

"मी थोरलीच आहे."

"मग तुम्हाला तर कळायला हवं!"

त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, माझ्या पेडलांना जोडलेले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी काही ओढेना. करपट वास आला. माझा पाय जमिनीवर होता, तरी माझं क्लचचं पेडल आपोआप अर्धं दबलेलं.

"मास्तर, तुमचा पाय."

त्यांनी खाली पाहिलं. लोकाची वस्तू आपल्या पिशवीत सापडावी तसं. मी गाडी कडेला घेतली. त्यांनी बूट काढला तर मोजा अंगठ्याला रक्तानं चिकटलेला. बुटात खडा होता, घरून निघाल्यापासून.

"साखर," ते म्हणाले. "घोट्याखाली काही कळत नाही. वर्ष झालं." मग आवाज उतरला. "मालकांना बोलू नका, ताई. मला दुसरं काय येतं?"

मी बोलले नाही. उद्या ब्रेकवरचा पायही असाच निघाला तर, हे मनात आलं होतं. तरी बोलले नाही.

शनिवारी स्कूलच्या अंगणात मेकॅनिकनं प्लेट काढली. कोळसा झालेली. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "बायकांना क्लच म्हणजे पाय टेकायचा पाटच वाटतो. बाई, घरी मिक्सर तरी टिकतो का हो?"

सगळे हसले. मी मास्तरांकडे पाहिलं. ते प्लेटकडे बघत होते. तेवढं मला लागलं. चाळिशी उलटलेली बाई, भर अंगणात शाळकरी पोरीसारखी उभी.

सोमवारी दुसरा मास्तर मागायचा म्हणून गेले. मालकांसमोर टेबलावर गाडीची किल्ली पडली होती.

"मास्तर गेले," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सकाळी येऊन सांगितलं, बाईंची चूक नव्हती, पाय माझा होता."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"मग काय करू? उद्या ऐन वेळी त्यांना ब्रेक सापडला नाही तर?"



मला परवाना मिळाला, तोवर मास्तरांच्या त्या पायाची दोन बोटं काढली होती. बुधवारी ड्रेसिंग असतं. मीच नेते; त्यांच्या पत्नीला गाडी येत नाही. इतकी माणसं शिकवली, घरातलंच राहून गेलं. ती पुढे बसते, ते मागे. "पुढं बसलं की पाय उगाच पेडल शोधतो," म्हणतात. माझ्या गिअरांबद्दल चांगलं-वाईट काही बोलत नाहीत.

गेल्या बुधवारी डॉक्टरांनी पाय कुठून कापावा लागेल ते घोट्याच्या वर पेनानं रेघ ओढून दाखवलं. जखम चढत होती.

"दुखेल का?" मास्तरांनी विचारलं.

"इथं तुम्हाला कळतंय ना? मग दुखणार."

मास्तर त्या रेघेवर बोट ठेवून, दाबून पाहत राहिले. पत्नीनं त्यांचा हात धरून बाजूला केला आणि मोजा चढवायला घेतला.