सावडीचे खलाशी

अलिबागहून कर्जतच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत दोन लाइफ जॅकेटं होती आणि ती घालायला माणूस एकही नव्हता. नारिंगी रंगाचं ते बोचकं बघून कंडक्टरने विचारलंच, "काय मॅडम, कर्जतला पूर येणार आहे का?" मी म्हटलं, "आला तर एक तुम्हाला देईन." तो हसला आणि मला खिडकीची जागा दिली.

समुद्र पाठीशी टाकून डोंगराकडे खलाशी शोधायला जायचं, म्हणजे अक्कल गहाण टाकल्यासारखंच दिसतं. पण माझा नाइलाज होता. 'टिटवी' ही आमची शिडाची बोट. माझी आणि धाकट्या भावाची, विनयची, अर्धी अर्धी. नऊ वर्षं ती मांडव्याला नुसती बांधून आहे. रविवारी फिरवायची, पाहुण्यांचे फोटो काढायचे, परत बांधायची. गणपतीत विनय म्हणाला, "ताई, या डिसेंबरपर्यंत ती एकदा तरी खऱ्या समुद्रात गेली तर ठेवू. नाहीतर विकू. गिऱ्हाईक तयार आहे." मीही तोंड वर करून म्हटलं, "गोव्याला नेते. किनाऱ्याकडेने नाही, जमीन दिसेनाशी होईल इतकी आत घालून नेते." बोलून बसले. वय वर्षं चौपन्न, आणि बरोबर यायला कोणी नाही!

बोट चालवायला किमान तिघं लागतात. आमच्याकडचे कोळी दर्यावर आपापल्या होड्यांवर गेलेले, ऐन हंगाम त्यांचा. बिनपगारी गोव्याला यायला त्यांना काय वेड लागलंय? पुण्यामुंबईच्या शिडवाल्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलं तर सतरा जणांनी अंगठे दाखवले, म्हणजे शाबासकीचे, आणि दोघांनी होकार दिला. एक कर्जतजवळचा फार्महाउसवाला आणि एक लोधिवलीला राहणारे निवृत्त जहाजी. दोघांना समोरासमोर भेटून नक्की करायचं म्हणून ही स्वारी.

फार्महाउसवाल्याने स्विमिंग पूलच्या काठी बसवून मला लिंबू सरबत दिलं आणि सांगितलं की त्याच्या मेहुणीचं लग्न ठरलंय. तारीख विचारली तर म्हणे अजून काढायची आहे. मी सरबत संपवलं आणि उठले. राग आला की मला चालायला लागतं. चालत रस्त्याला लागले, मिळेल त्या शेअर जीपमध्ये बसले आणि ती कशेळ्याकडे निघालेली जीप कडावला चहासाठी थांबली तेव्हा मीही उतरले.

दोन्ही बाजूंना भात पिवळंधमक होऊन उभं होतं. टपरीवर चहा घेता घेता मी जॅकेटांची पिशवी बाकावर आपटली असणार, कारण शेजारचा माणूस दचकला. त्याचं नाव काशिनाथ. चाळिशीचा, हाताची बोटं जाड, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. खालापूरकडच्या एका कारखान्यात क्रेनखाली माल बांधायचं काम, आणि घरी भातशेती. "कसलं सामान हाय ताई?" एवढंच त्याने विचारलं आणि मी सगळं रामायण सांगून टाकलं. त्याने चहा संपवला. शेवटी विचारलं,

"किती दिवसाचं काम?"

"जायला चार दिवस धरा. त्याआधी शिकायला चार. पण पगार नाही हं."

"पगाराचं कोण इचारतंय? सावडीवर येऊ की."

सावड (एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने, बिनपैशाने राबायची रीत) मला ऐकून माहीत होती. मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. "हो हो, सावडच!" मी म्हटलं. तो म्हणाला, "उद्या आमची कापणी हाय. या." आणि मी, आपण पाहुण्यांना 'या हं कधीतरी' म्हणतो ना, त्याच सुरात म्हणाले, "येते की!"

कर्जतला लॉजवर झोपले आणि सकाळी उठून, कडावला न जाता, गेले लोधिवलीला. का, तर दुसरा उमेदवार बघायचा होता ना! जुन्या हायवेलगत त्या निवृत्त जहाजींचा टुमदार बंगला. त्यांनी बोटीचा नकाशा मागितला, चष्मा लावला, आणि पहिला प्रश्न केला, "कॅप्टन कोण?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग मी काय करणार?" "दोर ओढणार, भांडी घासणार, आळीपाळीने सुकाणू धरणार." त्यांनी चष्मा काढून ठेवला. बायको आतून म्हणाली, "अहो जा की, घरी तरी कुठे घासता!" पण गृहस्थ काही बधले नाहीत. पोहे मात्र फार छान होते, ओल्या नारळाचे.

संध्याकाळी मी काशिनाथच्या अंगणात पोचले, निदान एक माणूस तर पक्का आहे, या थाटात. काशिनाथ भारे रचत होता. त्याने बघितलं आणि परत भाऱ्याकडे वळला. बोलली ती शेजारची सुगंधा. पंचेचाळिशीची, चार म्हशी, पदर कमरेला खोचलेला.

"तुमीच का त्या बोटीवाल्या? सकाळधरनं वाट बघितली. तुमच्या नावचा इळा पाजवून ठेवला व्हता. तुमच्या नावच्या भाकऱ्या व्हत्या. एक माणूस कमी म्हनून माझ्या वाट्याची आख्खी पात कापायची राहिली."

"अहो, मला वाटलं..."

"काय वाटलं? सावडीला येते म्हनायचं नि यायचं नाय? अवो बाई, समुद्रात मदीच तुमी अशा आला नाय तर आमी काय करायचं?"

बिनपगारी खलाशी हवेत, खलाशी हवेत म्हणून गावभर डंका पिटणारी मी. दुसऱ्याच्या बिनपगारी कामाला मात्र तोंडदेखलं हो म्हणून मोकळी. फार्महाउसवाल्याला मनातल्या मनात केवढ्या शिव्या दिल्या होत्या, आणि मी काय वेगळं केलं होतं? शरमेने मान खाली गेली. मी एवढंच विचारलं, "उद्या कुणाची कापणी आहे?"

"माझी," सुगंधा म्हणाली. "सातला. ऊन चढायच्या आत."

साडेसहाला मी बांधावर उभी होते. एकंदर आठ घरांची सावड होती ती. विळा हातात आला आणि अर्ध्या तासात डाव्या तर्जनीवर चालला. सुगंधाने टणटणीचा पाला चुरडून लावला, चिंधी बांधली आणि म्हणाली, "चला, बसू नका." कंबर म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. बायका दोन पाती उरकायच्या, माझी एक अर्धवट. कुणी हसलं नाही असं नाही. चांगलं खदाखदा हसले. "ताई, भात कापा, केस नका कापू त्याचे!" असं एकजण ओरडला. पण दुपारी बांधावर बसलो तेव्हा माझ्या हातावर पहिली भाकरी पडली. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, वर जवळ्याचं सुकं. हा जवळा आमच्याच किनाऱ्यावरून वाळून इथे येतो. घरी रोज खाते, पण त्या दिवसाइतका गोड कधी लागला नव्हता.

चार दिवस गेले. दोन दिवस कापणी, दोन दिवस झोडणी. भारा डोक्यावर उचलून फळीवर आपटायचा, दाणे उडायचे, पेंढा बाजूला. चौथ्या दिवशी मी एकटीने भारा उचलला तेव्हा खळ्यावरच्या सगळ्यांनी अशी हाळी दिली की सुगंधाच्या म्हशी बुजल्या. काशिनाथने घाम पुसला आणि त्या संध्याकाळनंतर तो पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलला, "आता तुमची पाळी. कधी निघायचं?"

"आणि मी पन येनार," सुगंधा म्हणाली.

"पोहता येतं?"

"पुरात गेलेली म्हैस नदीतनं काढली हाय मी. इचारा कुनालाबी." तिच्या म्हशींचं दूध काढायची पाळी सावडीतल्या दोन घरांनी वाटून घेतली. काशिनाथबरोबर मी खालापूरला त्याच्या कारखान्याच्या गेटवर गेले, रजेचं काय होतंय बघायला. तिथे चहाच्या गाडीपाशी त्याचे तीन सोबती उभे होते. पाच मिनिटांत त्यांनी त्याच्या पाळ्या आपसात घेतल्या. एकाने फक्त अट घातली, "येताना काजू आण." मी तिथेच रस्त्यात उभी राहून नाक पुसलं. ट्रकच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलं, पण खोटं होतं ते.

मांडव्याला शिकवणी झाली. मी काशिनाथला गाठी शिकवायला गेले आणि तासाभरात त्यानेच मला दोन शिकवल्या, क्रेनच्या. सुगंधाला वाऱ्याची दिशा सांगावी लागली नाही. भात उफणणाऱ्या बाईला वारा कुठून येतो ते विचारायचं असतं का! सामानात तिने विळा आणलेला बघून मी म्हटलं, "अहो, समुद्रात काय कापणार?" ती म्हणाली, "असू दे. खात नाय तो काय."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या भरतीला 'टिटवी' सुटली. काशिनाथ पहिले सहा तास ओकत होता आणि प्रत्येक वेळी तोंड पुसून "माफ करा" म्हणत होता. दुपारी उत्तरेचा वारा लागला, शीड भरलं, आणि बोट अशी काही पळायला लागली की बस्स! चारच्या सुमाराला मागे वळून पाहिलं तर डोंगर नव्हते. किनारा नव्हता. चारी बाजूंना पाणी. नऊ वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि मी चक्क रडले. सुगंधाने सुकाणू धरलं होतं. "रडा रडा," ती म्हणाली, "बोट मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट एकाएकी अडल्यासारखी झाली. कुठल्यातरी तुटक्या जाळ्याचा जाडजूड दोर सुकाणूत गुंतला होता. सुकाणू जागचं हलेना. वारा वाढत होता. माझी सुरी त्या दोरापुढे म्हणजे फणसाला दाढीचं पातं. आम्ही शीड उतरवलं. काशिनाथने सुगंधाच्या कमरेला आणि खांद्याखालून दोर बांधला, माल बांधतात तसा, तीनदा ओढून बघितला. "सोडनार नाय," तो म्हणाला. "म्हाईत हाय," ती म्हणाली आणि विळा घेऊन पाण्यात उतरली. चार वेळा खाली गेली. पाचव्यांदा वर आली ती हातात दोराचा तुकडा घेऊन, आणि आमच्या तिघांची आरोळी, मला वाटतं, रत्नागिरीपर्यंत गेली असेल!

चौथ्या दिवशी दुपारी गोव्यात मांडवी नदीच्या मुखातून आत शिरलो. काशिनाथ सुकाणूवर, सुगंधा पुढे टोकाला पदर खोचून उभी, आणि मी शिडाचा दोर धरून, उन्हाने काळी ठिक्कर, जगातली सगळ्यात सुखी बाई. विनयला फोन केला. तो म्हणाला, "कोण होतं गं बरोबर?" मी म्हटलं, "ये कडावला, दाखवते."

तो खरंच आला. बोट गोव्यालाच ठेवून आम्ही रेल्वेने परतलो होतो. काशिनाथच्या अंगणात आठही घरं जमली होती, काजू वाटले जात होते आणि सुगंधा त्या दोराची गोष्ट चौथ्यांदा सांगत होती. विनयने सगळं ऐकून घेतलं, बोट ठेवायची हेही कबूल केलं. पण स्वभावाला औषध नाही. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "या वर्षी नको विकायला. पुढच्या वर्षी बघू काय ते."

सुगंधाने हातातली वाटी खाली ठेवली.

"बघू म्हंजे? आमची सावड हाय तिच्यावर. कशेळ्याची माझी भैन नि काशीचे दोगं सोबती पुढल्या खेपंला येनार म्हनून आत्ताच बसल्यात. आठ घरांना इचारल्याबिगर विकता कशी तुमी?"

विनयने माझ्याकडे पाहिलं. मी जवळ्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. शेवटी त्याने सुगंधाकडे वळून अगदी हळू विचारलं, "माझी अर्धी आहे ना पण?"

"हाय ना," ती म्हणाली. "म्हनून तर तुमाला बी बोलावलंय. उद्या खालच्या आळीत झोडणी हाय. सातला या."