डावा फ्लिपर काकूचा

माझी काकू चष्म्याच्या काचा घासायची. दुकानात पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला वेगळी माणसं होती. ही मागच्या खोलीत, पाणी ठिबकणाऱ्या फिरत्या चाकापाशी बसायची. गोल काच फ्रेमच्या मापाची करायची, कडांची धार उतरवायची आणि शेवटी अंगठ्यानं हलकेच दाबून ती फ्रेममध्ये बसवायची. जोर जरा जास्त झाला की कडेचा टवका उडायचा आणि सगळी मेहनत पाण्यात. तिचे टवके फार कमी उडायचे. ती निवृत्त झाली तेव्हा दुकानात आपोआप काच कापणारं मशीन आलं. तिला त्याचं वाईट वाटलं असेल म्हणून मी विचारायला गेले, तर म्हणाली, "बरं झालं की. मशीनची पाठ नाही दुखत."

काका तिच्या अगदी उलट. ते शहरातली बस चालवायचे. हॉर्न हाताशी आणि तोंड त्याहून जवळ. आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे काकांच्या बहुतेक गोष्टी आम्हाला छतातून ऐकून पाठ झाल्या होत्या. त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट पिनबॉलची.

त्यांच्या तरुणपणी डेपोसमोर खेळांचं एक दुकान होतं. तिथे पिनबॉलची टेबलं होती. तिरकं, काचेनं झाकलेलं टेबल, आत पोलादी गोळी. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की गोळी वर जायची आणि दिव्यांवर, घंटांवर आपटत खाली यायची. खाली दोन छोटे दांडे, फ्लिपर. डावं बटण दाबलं की डावा उडायचा, उजवं दाबलं की उजवा. गोळी दोघांच्या मधून निसटली की गेली. काकांचं टेबल सर्कशीचं होतं. त्यावर सिंह होता, झोके होते आणि मधोमध आगीचं कडं. "त्या कड्यातून गोळी काढणारा डेपोत मी एकटा," असं काका सांगायचे. सांगताना कमरेला असा काही झटका द्यायचे की हातातलं जेवणाचं ताटही पिनबॉलचं टेबल वाटायचं.

काकू त्या दुकानात कधीच गेली नव्हती. लग्न ठरलं होतं तेव्हा काका तिला डेपोपाशी बोलवायचे आणि "ही एवढीच गोळी" म्हणून आत जायचे. आत सिगारेटचा धूर आणि सगळे पुरुष. ही बाहेर काचेपाशी उभी. गोष्टीतला हा भाग काका सांगायचे नाहीत. तो मला काकूनं सांगितला, तोही हसत हसत.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी, माझी ताई, नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेली. जाताना टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आईवडिलांकडे ठेवून गेली. त्यात पिनबॉलच्या जुन्या टेबलांचा एक अख्खा संच होता. खरी टेबलं होती तशीच्या तशी पडद्यावर उतरवलेली. चित्रं तीच, घंटांचे आवाज तेच. काका यादी खाली सरकवत होते आणि एकदम ओरडले, "अगं ए, सर्कस!"

मी धावत वर गेले. काका टीव्हीसमोर उभे होते. बसून पिनबॉल खेळणं म्हणजे त्यांना बसून बस ढकलण्यासारखं वाटत असावं. कंट्रोलर दोन्ही हातांत घट्ट धरलेला, डोळे सिंहावर. गोळी सुटली, वर गेली, झोक्याला लागून खाली आली. काकांनी दोन्ही बटणं एकदम दाबली, कमरेला झटका दिला आणि टीपॉयवरचा पाण्याचा तांब्या आडवा झाला. गोळी मधून निघून गेली.

"हे खोटं आहे," काका म्हणाले. "खऱ्या टेबलाला कंबर कळते."

टेबल हलवायची सोय यातही होती. कंट्रोलरवरची छोटी काडी एका बाजूला ढकलली की टेबलाला धक्का बसायचा. पण जास्त ढकललं की टेबल रुसायचं, दिवे बंद, फ्लिपर लुळे. काका ती काडी गिअर टाकल्यासारखी ढकलायचे. टेबल रोज रुसायचं. तरी काका रोज खेळायचे, आणि हळूहळू सगळ्यात जास्त गुणांच्या पाटीवर त्यांच्या नावाची तीन अक्षरं वरपर्यंत पोचली.

मग एक दिवस पाटीवर सगळ्यात वर भलतीच अक्षरं दिसली. ए, ए, ए.

"हा एएए कोण?" काकांनी मला बोलावून विचारलं.

"मला काय माहीत? मी तर हातही लावला नाही."

काकांनी विचार केला. "कंपनीनं घातलेला आकडा असणार. माणसाला चेव यावा म्हणून." आणि ते जोमानं खेळायला बसले, म्हणजे उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात एएए दुसऱ्या नंबरवरही आला, तिसऱ्यावरही. काकांचं नाव ढकललं जात जात पाटीच्या तळाशी गेलं. कंपनीला त्यांनी फोनवर ताईपाशी पुष्कळ बोल लावले. ताई म्हणाली, "बाबा, कंपनी असं काही करत नाही. नाव न लिहिता नुसतं ओके दाबलं की एएए येतं. घरातलंच कुणीतरी आहे."

घरात दुसरं होतं कोण? काका त्या दिवशी फिरायला निघाले आणि कोपऱ्यावरूनच परत आले. दार हळूच उघडलं. काकू खुर्चीत बसली होती. चष्मा नाकावर, पाठ सरळ, कंट्रोलर मांडीवर. गोळी खाली आली. तिनं डावा फ्लिपर वर उचलून तसाच धरून ठेवला. गोळी घरंगळत त्याच्या कुशीत आली आणि थांबली. अगदी थांबली. काकूनं नाकावरचा चष्मा वर सरकवला, मग कड्याकडे बघितलं, मग बोट सोडून पुन्हा दाबलं. गोळी सरळ आगीतून पार.

"अगं!" काका म्हणाले.

काकू दचकली. "आलात? चहा टाकते."

"चहा राहू दे. तू कधीपासून खेळतेस?"

"तुम्ही फिरायला जाता तेव्हा. भाजी शिजेपर्यंत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही कंपनीला विचारत होता."

काकांनी दोन दिवस तोंड पाडून घालवले. छतातून आवाज येईना म्हटल्यावर आईनं मला वर पाठवलं. काका गॅलरीत पेपर धरून बसले होते. पानं उलटत नव्हते. काकू त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि माझ्यादेखतच म्हणाली, "अहो, त्या दुकानाबाहेर मी किती वेळा उभी राहिले. मला काय दिसायचं? तुमची पाठ. तुम्ही हसायचात, ओरडायचात, मला वाटायचं एवढं काय आहे त्या पेटीत. मग आता घरातच आली पेटी, तर बघू नको का?"

काकांनी पेपराची घडी घातली. "तुला आत यायचं होतं?" असं त्यांनी विचारलं.

"तेव्हा? हो की."

"मग म्हणायचंस."

"तुम्ही मागे वळला असतात तर म्हटलं असतं."

हे ती रागानं म्हणाली नव्हती, आणि त्यामुळेच काकांना जास्त लागलं असावं. ते उठले, आत गेले आणि टीव्ही लावला. "ये, गोळी थांबवतेस कशी ते दाखव," म्हणाले.

पण शिकवणी काही रंगली नाही. काकांना थांबणं जमेना. गोळी दिसली की बोट दाबलंच. ती त्यांना दोन-चार दिवस शिकवून थकली आणि मग दोघं आपापलं खेळायला लागले, तिची वेळ सकाळची, त्यांची संध्याकाळची.

अशात काकू जिन्यावरून घसरली. ओल्या पायरीवर पाय सरकला आणि सगळा भार उजव्या मनगटावर. हाड मोडलं. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तरी हात हलवायचा नाही.

काकूला मी तशी चिडलेली कधी पाहिली नव्हती. वेणी घालता येईना, काही कापता येईना, पुस्तकाचं पान धरता येईना. काका स्वयंपाकघरात शिरले आणि अंडं उकडलं तरी ते फुटायला लागलं. ती बाहेरून सूचना द्यायची, ते आतून उत्तर द्यायचे, आणि खाली आम्ही पंख्याकडे बघत ऐकायचो. जेवण आमच्याकडून वर जायला लागलं तसा तो प्रश्न सुटला. पण बसून बसून ती कंटाळली होती.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर काका कंट्रोलर घेऊन तिच्या शेजारी बसत होते. हो, बसत होते.

"डावा हात धड आहे ना तुझा? डावी बाजू तू धर. उजवी मी बघतो."

"तुम्ही बघणार, आणि गोळी जाणार."

"जाऊ दे गेली तर. कुणाच्या बापाची आहे?"

एक कंट्रोलर, दोन माणसं, एक डावा हात आणि एक उजवा. पहिली गोळी गेली, दुसरी गेली. काकू ओरडायची, "अहो, थांबा, धरून ठेवा, सोडू नका!" आणि काकांनी तोवर सोडलेलं असायचं. एकदा चिडून तिनं प्लास्टरनंच त्यांच्या मांडीवर टोला दिला. काका कळवळले आणि त्या गडबडीत त्यांचं बोट बटणावर तसंच राहिलं. गोळी उजव्या फ्लिपरवर येऊन थांबली.

"हे बघा!" काकू म्हणाली. "आता श्वास घ्या. घाई कुणाला आहे?"

काकांनी खरंच श्वास घेतला. मग गोळी मारली. ती कड्यातून नाही गेली, सिंहाला लागली, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

थांबणं ते शिकले. आणि काकूला त्यांच्याकडून धक्का शिकायला मिळाला. ती टेबल कधी हलवतच नसे, भीतीनं. काका म्हणाले, "बस भरलेली असते तेव्हा ब्रेक कसा मारतो मी? उभं असलेलं माणूस पडायला नको. तसं. सांगतो तेव्हा, एवढंसं." गोळी दोघांच्या मधोमध येताना ते "आत्ता" म्हणायचे आणि काकू अंगठ्यानं काडी जराशी सारायची. गोळी बाजूला झुकायची आणि फ्लिपरवर यायची. टेबल रुसायचं नाही.

एके दिवशी वरून किंकाळी आली, मग धपधप पाय आपटल्याचा आवाज. काकू पुन्हा पडली असं वाटून मी धावतच वर गेले. दार सताड उघडं. दोघं सोफ्याच्या अगदी टोकावर. सर्कशीचे सगळे दिवे लागले होते, घंटा थांबत नव्हत्या आणि बक्षीस म्हणून टेबलावर एकदम तीन गोळ्या धावत होत्या.

"ती बघ, ती बघ!"

"माझी नाही, तुमची आहे ती!"

"दोन आल्या गं, दोन!"

शेवटची गोळी गेली तेव्हा दोघांना बोलायला दम उरला नव्हता. काकूच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काकांनी शर्टाच्या बाहीनं तिचे डोळे पुसले. मी दारातच उभी होते, पण त्यांना माझी काही अडचण वाटली नाही.

प्लास्टर निघालं. हात बारीक, पांढुरका झाला होता. बोटं आखडली होती, पण डॉक्टरांनी ती हलवत राहायला सांगितलं. त्या संध्याकाळी काकांनी कंट्रोलर पुसला, काकूच्या दोन्ही हातांत दिला आणि गॅलरीकडे निघाले.

"कुठे निघालात?" काकू म्हणाली.

"आता तुझे दोन्ही हात आहेत. खेळ की निवांत."

"निवांतच खेळायचं आहे. उजवी बाजू कोण बघणार? बसा."

काका बसले.

सर्कशीचं टेबल आता मागे पडलं आहे. त्या संचात समुद्राखालचं एक टेबल आहे, ऑक्टोपस आणि पाणबुडीचं. ते दोघांनाही जमत नाही. काकांच्या मते ऑक्टोपस बेशिस्त आहे. काकू म्हणते, पाणबुडीची बाजूच चुकीची काढली आहे, गोळी वळायला जागा नाही. परवा मी गेले तेव्हा त्यावरूनच वाद चालला होता. मला कुणी बस म्हटलं नाही. मी आत जाऊन तिघांचा चहा टाकला.