हात लावायचा नाही

बिबवेवाडीतल्या कितीतरी बाळांची पहिली अंघोळ ललिताबाईंच्या पायांवर झाली. बाळ-बाळंतिणीची मालिश करणारी ही बाई कुणाचं काही दुखतंय म्हटलं की गप्प बसूच शकत नाही. बसमध्ये शेजारणीची मान अवघडली तरी हिचे हात शिवशिवतात. आणि लेक मिळाली ती अशी, की जिला भर शर्यतीत हातच लावायचा नाही.

दीक्षा मॅरेथॉन पळते. यंदा पुण्यातल्या शर्यतीतून भारताच्या संघासाठी निवड होती आणि पहिल्या दोघीच जाणार होत्या. वाटेत कुणी आधार दिला तर मी बाद, असं तिनं आईला आदल्या दिवशी बजावलं होतं. पडलीस तरी? पडले तरी.

शर्यतीच्या दिवशी ललिताबाई म्हात्रे पुलाजवळ दोरीला चिकटून उभ्या राहिल्या. दीक्षा दुसरी येत होती, थोडंच अंतर उरलं होतं, मागं लांबपर्यंत कुणी नव्हतं. आणि अगदी आईच्या समोर ती पोटरी धरून खाली बसली. गोळा नेमका कुठं आलाय ते ललिताबाईंना उभ्या जागेवरून दिसत होतं. त्यांनी दोन्ही हात पदरात करकचून गुंडाळले.

"ऊठ बाळा, आई इथंच आहे," एवढंच त्या म्हणत राहिल्या. जीव नुसता तुटत होता.

दीक्षा उठली. रडत, लंगडत, पण आपली आपण उठली. तेवढ्यात फिरायला निघालेले एक आजोबा दोरीखालून आत शिरले आणि तिच्या काखेत हात घालून तिला चालवू लागले. ललिताबाई नको नको म्हणून ओरडल्या, पण लोकांच्या टाळ्यांत ते कुणाला ऐकू जाणार? पंच सायकलवरून उतरला आणि त्यानं दीक्षाला बाजूला व्हायला सांगितलं.

आजोबांनी आधी त्याला माणुसकी शिकवली. मग ते ललिताबाईंकडे वळले.

"अहो, आई ना आपण तिच्या? नुसत्या बघत उभ्या राहिलात?"

ललिताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या भल्या माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या? त्यांना स्वतःला जे करायचं होतं, तेच तर त्यानं केलं होतं. मागची मुलगी त्यांच्या समोरून पळत गेली. तिच्यासाठीही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दीक्षा फुटपाथच्या कडेला बसली होती. तिनं पाय आईपुढं केला.

"धर आता," ती म्हणाली. "आता चालतं."