नागोठण्यात कोण आहे

पुण्यातली नोकरी सोडून मी पेणला परतले, कारण धाटावच्या एका रसायन कंपनीच्या संगणक विभागात मला जागा मिळाली. घराजवळची नोकरी, असे सगळे म्हणाले. जवळची म्हणजे सकाळी पेणहून नागोठणे, तिथे एसटी बदलून भिसे खिंडीतून रोहा, रोह्याहून रिक्षाने धाटाव. आणि संध्याकाळी हाच रस्ता उलटा. महामार्ग तेव्हा रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला होता. वडखळच्या पुढे गाडी खड्ड्यात कलली की खिडक्यांच्या काचा थंडीने वाजणाऱ्या दातांसारख्या वाजत, आणि ओठांवर बसलेल्या लाल धुळीला गंजलेल्या खिळ्याची चव असे.

आईला त्या रस्त्याची भीती वाटे. तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून मीच माझा फोन कुठे आहे ते घरी दिसेल अशी सोय करून दिली. घरी म्हणजे कारखान्यात. आमचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच आहे. व्यापाऱ्यांना मूर्तींचे फोटो दाखवायला बाबांनी एक टॅब घेतला होता. रंगांच्या डब्यांशेजारी फळीवर तो दिवसभर उभा असे. गिऱ्हाईक नसले की त्याच्यावर नकाशा उघडा राही, आणि नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका मी.

सुरुवातीला गंमत वाटली. संध्याकाळी दारात पाऊल ठेवावे तो ओल्या शाडूचा गार वास, वॉर्निशचा उग्र वास, आणि त्या दोहोंवर काकांचा आवाज.

"आली बघा निळी टिकली! काय गो, खिंडीत झोपलीवतीस काय? हलतच नव्हतीस."

"तिथे रेंज जाते, काका."

"रेंज जाते, का तू जातेस?"

कारागीर हसत. सोनेरी रंग देणारा म्हणे, "ताई वडखळला पोचली की आम्ही चहा टाकतो. घड्याळच झालंय आमचं." मीही हसे.

हळूहळू ते हसणे सोनेरी भुकटीसारखे अंगाला चिकटू लागले. धुऊनही नखांच्या कडांत उरणारे. बाजारात शेजारीण विचारी, "काल रोह्याच्या बाजारपेठेत बराच वेळ होतीस ना?" होते. औषधाच्या दुकानात होते. काय घेतले, तेही तिला सांगायचे होते का? काका मासळी आणायला म्हणून निघत आणि दुपारभर परतत नसत; त्यांचा ठिपका कुठल्याही फळीवर नव्हता. चुलतभाऊ मूर्तींचा टेम्पो घेऊन मुंबईला जाई, त्याचा फोन दुसऱ्या दिवसापर्यंत लागत नसे, आणि त्याला धंदा म्हणत.

माझ्या दिवसात माझे म्हणावे असे एकच काही होते. रोह्याच्या गाडीतून नागोठण्याला उतरावे तर पेणची गाडी बहुधा लागलेलीच असे. ती मी मुद्दाम जाऊ देई. पुढची येईपर्यंत अंबा नदीच्या काठावर एका दगडी कठड्यावर जाऊन बसे. दिवसभर पडद्याच्या पांढऱ्या उजेडात भाजलेले डोळे त्या हिरवट पाण्यावर ठेवले की आतून काहीतरी सैल होई. शेवाळाचा वास, कुणाच्या तरी चुलीचा धूर, पाण्याला टेकून वर झेपावणारा खंड्या. मी काहीच करत नसे. पुस्तक उघडत नसे, गाणी ऐकत नसे, कुणाची वाट पाहत नसे. तेवढा वेळ मी कुणाचीही कुणी नसे.

पौषातली संध्याकाळ होती. बाबा आखणी करत होते. मूर्तीच्या डोळ्यांची रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत आणि त्यांच्याबरोबर सारा कारखाना गप्प होई. रेघ पुरी झाली. कुंचला पाण्यात बुडवत, वर न बघता त्यांनी विचारले, "नागोठण्यात कोण हाय?"

"कोण म्हणजे?"

"रोज थांबतेस. गाडी निघून जाते, तू हलत नायस. महिनाभर बघतोय मी."

काकांना थट्टा सुचली नाही. सोनेरी रंगवाल्याचा हात मुकुटावर थांबला. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे. महिनाभर! मी पाण्याकडे बघत होते तेव्हा या खोलीतला प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता. माझ्या त्या रिकाम्या कठड्यावर त्यांनी एक पुरुष आणून बसवला होता. त्याचे गावही ठरवले असेल, जातही.

एक वाक्य पुरे होते. कोणी नाही, बाबा, नदीकाठी बसते जरा. वाक्य जिभेवर आलेही. मग मी भोवती पाहिले. ते सारे मला निर्दोष सोडायला तयार होऊन थांबले होते. उत्तर दिले असते, तर विचारायचा हक्क मी त्यांना माझ्या हाताने दिला असता.

"सांगणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे हाय कोणीतरी."

"तेही सांगणार नाही."

"मग नोकरी बंद. उद्यापासून घरात बस. हितं काय काम कमी नाय."

स्वयंपाकघरात आईने हाताला धरून मला बसवले. "सांगून टाक ना गो. असेल कोणी तर बघू. नसेल तर नाय म्हण. तोंड झिजतं काय तुझं?"

"झिजतं."

"मला तरी सांग."

"तुला सांगितलं की बाबांना कळणार."

ती पातेल्यातली आमटी ढवळत राहिली. नाही म्हणाली नाही.

सकाळी मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून कारखान्यात गेले आणि सगळ्यांसमोर फोनवर ती सोय बंद केली. फळीवरचा ठिपका गेला. महामार्ग राहिला, खिंड राहिली, नदीची निळी रेघ राहिली.

"गेलीस तर परत यायला मिळेल का, त्याचा विचार करून जा," बाबा म्हणाले.

मी गेले. आठवडाभर एका मैत्रिणीकडे काढून रोह्याजवळच्या वरसे गावात एका बाईंच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. नोकरी राहिली. सणासुदीला पेणला जाते. बाबा आणि मी पावसाविषयी, रंगांच्या भावाविषयी, त्यांच्या गुडघ्याविषयी बोलतो. राग निवळला, असे आई नातेवाइकांना सांगते. तो निवळलेला नाही.

खोली घेतली त्याच आठवड्यात एका सकाळी मी चपला घालत होते आणि घरमालकीणबाई सूप हातात घेऊन दाराशी आल्या. "संध्याकाळी कधी येशील गो?"

"तुम्हांला कशाला हवंय?" माझा आवाज इतका चढला की शेजारचे दार उघडले. "मी कधी येते, कुठे थांबते, ते मी कुणालाही सांगणार नाही!"

बाई गोंधळल्या. "मला काय करायचंय बाय? आज वालाच्या शेंगांची पोपटी लावायची होती मडक्यात, पोरांबरोबर. तुझी वाट बघायची का, तेवढं विचारलं."

मी निघाले. रिक्षात बसल्यावर आई आठवली. कधी येशील, हे आईने मला शाळेच्या पहिल्या दिवसापासून विचारलेले आहे, आणि त्यात मला कायम गरम भाताचा वास आलेला आहे. आता कुणीही विचारले की पाठ ताठ होते. नागोठण्यात कोण होते, हे बाबांना आजही ठाऊक नाही. त्यांनी माझ्याकडून काय काढून घेतले, हेही नाही.