बाईंचा पिच्चर

"पुसायचं नाय!" असं म्हणत बाई फळ्यावरच्या चुकलेल्या गणिताभोवती खडूने चौकट काढायच्या. "ऱ्हाऊ दे तितंच. बरोबर हाय ते शेजारी लिव." खालापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या, मी तिसरीला. पोरांच्या लेखी मी म्हणजे बाईंच्या वर्गात जाण्याआधी काढायचं एक वर्ष.

याच बाईंनी रविवारी-रविवारी खपून एक सिनेमा काढला, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. नदीकाठची जमीन फार्महाऊसवाल्यांना न देणाऱ्या म्हातारीची गोष्ट. म्हातारीचं काम ठाकरवाडीतल्या मावशीनं केलं. कॅमेऱ्याकडे बघू नका, असं तिला कधी सांगावं लागलं नाही. ती आमच्यापैकी कुणाकडेच बघत नसे.

माझ्याकडे खातं होतं पाण्याचं. खोपोलीला वीजघरातून पाणी सुटलं की खाली पाताळगंगा चढते. किती वाजता चढते, ते मी सोमवार ते शनिवार काठावर बसून वहीत टिपलं. रविवारची वेळ वेगळी, हे तिथं धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मी विचारलं नाही. मास्तर कसा विचारणार?

रविवारी मावशी पात्रातल्या खडकावर बसलेली, कॅमेरा चालू, आणि पाणी आलं. मी गळा फाडून ओरडलो, "मावशी, पळा! पाणी आलं!"

मावशीनं मान वळवली. पाणी घोट्याला लागलं होतं. "येऊ दे रं," ती म्हणाली. "ते जाईल. मी हितंच हाय." मग लुगडं खोचून सावकाश बाहेर आली. हे वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं.

"परत घेऊ या, बाई," मी खाली मान घालून म्हटलं.

"पुसायचं नाय."

खोपोलीच्या थिएटरात पहिल्या खेळाला आम्ही चौदा जण होतो, त्यातले नऊ पडद्यावरही होते. तिसऱ्या दिवशी पोस्टर उतरलं. थिएटरवाला म्हणाला, "बाई, म्हातारीनं निदान शेवटी तरी जमीन विकायची!" बाईंनी सिनेमा उचलला आणि वाड्यांवर, विहारापुढच्या अंगणात, मिळेल तिथे पडदा बांधला. तिथं लोकांनी तो जो धरला, तो धरलाच. कर्जतपासून मोहोपाड्यापर्यंत लोक तीन-तीनदा बघू लागले. माझा आवाज आला की अर्धी माणसं माझ्याबरोबर "पळा!" ओरडायची, उरलेली मावशीचं वाक्य म्हणायची. पुढे ते वाक्य जमिनी वाचवायला निघालेल्या मोर्च्याच्या फलकावर गेलं. माझ्या वाट्याला नेरळच्या बाजारातली पोरं आली: "मास्तर, आज पाणी किती वाजता?"

मग मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आला. सिनेमा घरोघरी मोबाईलवर दाखवू म्हणाला. फक्त तो ओरडा काढायचा, आणि मावशीला प्रमाण भाषेतला आवाज द्यायचा.

"मंग ही म्हातारी कुटली म्हनून सांगाल?" बाईंनी विचारलं.

"बाई, निदान माझा ओरडा तरी काढू द्या," मी मध्ये तोंड घातलं. "लाज वाटते हो."

"लाज तुमची हाय, मास्तर. पिच्चर माजा हाय."

गेल्या वर्षी बाई आजारात गेल्या. सिनेमाचे कागद त्यांनी मावशीच्या नावावर करून ठेवले होते. महिन्याभरात तोच माणूस परत आला. वाट दाखवायला गाडीत पुढे मी बसलो होतो, आणि खरं सांगतो, या खेपेला काम होईल असं मलाही वाटत होतं. मावशी घराचा कूड सारवत होती. शेणाच्या हातांनी तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई नाय म्हनलेली ना?"

"हो, पण आता त्या नाहीत," तो म्हणाला.

"ती मेली म्हून तिचं नाय मेलं काय?"

आणि ती पुन्हा कुडाकडे वळली.

वाडीत गाडी वळवायला जागा नव्हती. डांबरी रस्ता येईपर्यंत गाडी उलटीच मागे-मागे गेली. मी तिच्यात बसलो नाही. चालत उतरलो.