बोर्दोला आपलं कोण आहे?

कुणीही नाही, म्हणून तर आमच्या सुनीतीने ते गाव निवडलं. हे कळायला मला, म्हणजे तिच्या सख्ख्या नवऱ्याला, सहा महिने लागले.

आम्ही फरीदाबादला राहतो. दिल्लीच्या आसपास घर असलेल्या मराठी माणसाला पुढचं सांगायला नको. अडतीस वर्षांत आमच्याकडे कोण उतरलं नाही ते विचारा. मुलाखतीला आलेले, एम्समध्ये दाखवायला आलेले, वैष्णोदेवीला जाताना एकच रात्र म्हणून चार रात्री राहिलेले. फोन आला की माझं उत्तर ठरलेलं असायचं, अरे हॉटेलात कशाला, घर आहे ना आपलं! घर माझं, पोळ्या तिच्या. सुनीती दिवसभर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात लोकांना खोल्या द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन दिवाणावरची चादर बदलायची. स्वतः कुठे जायची तर कुणाच्या बाळंतपणाला, नाहीतर दुखण्याखुपण्याला. हॉटेलच्या खोलीत ती एकटी कधी झोपलेली नव्हती.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, एक दिवस तिने जाहीर केलं, मी फ्रान्सला जातेय, बोर्दोला, पाच दिवस, एकटी. मी म्हटलं, अगं, ते तर दारूचं गाव! ती म्हणाली वाइनचं, आणि नदीकाठचं जुनं बंदर आहे. लंडनला माझी बहीण, पॅरिसला हिच्या मावशीची नात, म्युनिकला तर अर्धं कोथरूड. बाईने मोबाइलवर नकाशा उघडून एकेक शहर तपासलं होतं आणि जिथे आपलं कुणी निघेना, तिथे बोट ठेवलं होतं. मला तेव्हा यातलं काही बोलली नाही. मी आपला समजत होतो की हिला उतारवयात द्राक्षांचा नाद लागला.

चौसष्टाव्या वर्षी ती फ्रेंच शिकायला बसली. 'एका माणसासाठी टेबल हवंय' हे वाक्य तिने कणीक मळताना इतकं घोकलं की मलाही पाठ झालं. गुडघा दुखत असला तरी रोज पार्कला आठ फेऱ्या. व्हिसाचे कागद एकदा परत आले, तर दुसऱ्यांदा भरले. नदीकडे खिडकी असलेली खोली शोधायला तिने दोन आठवडे घेतले. आमची लेक हेमांगी बंगलोरहून म्हणाली, मी येते सोबत. तिलाही नाही म्हणून सांगितलं.

आणि मग मी माती खाल्ली.

निघायला आठवडा उरला असताना साताऱ्याहून खंडेरावचा फोन आला. खंडेराव माझा चुलतभाऊ. त्याचा थोरला, नीरज, दोन वर्षं आमच्याकडे राहून यूपीएससीचा अभ्यास करत होता. तो म्हणे आता शिकायला बोर्दोलाच गेलाय. मला कोण आनंद झाला! वहिनींना त्याच्याकडेच उतरू दे, खंडेराव म्हणाला, चिवडा आणि मेथकूट पाठवतो. मी म्हटलं, बिल्कुल. हॉटेलचं बुकिंग माझ्या ईमेलवरून होतं, ते मी तिथल्या तिथे रद्द केलं आणि संध्याकाळच्या चहाला तिला ऐटीत सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कप खाली ठेवला.

"अहो, मला आयुष्यात एकदा अशा ठिकाणी जायचंय, जिथे मी कुणाची काकू नाही. एवढं एकच मागत होते."

मी म्हटलं, अगं पण नीरज आपलाच आहे. आपला आहे म्हणूनच नको, ती म्हणाली, आणि चष्मा लावून पुन्हा हॉटेल शोधायला बसली. नदीकडची खोली गेली होती. मागच्या गल्लीकडची मिळाली, ती तिने घेतली. मग नीरजला स्वतः फोन करून मायेने, पण स्पष्ट सांगितलं की मी तुला भेटणार नाही. साताऱ्याहून आलेलं मेथकूट घरीच राहिलं. मला माझीच लाज वाटली.

ती गेली. रोज एकदा फोन करायची. तिथे बंदराच्या चौकात फरशीवर बोटभर पाणी पसरलेलं असतं आणि त्यात समोरच्या जुन्या इमारती दिसतात. त्या पाण्यातून ती चपला हातात घेऊन चालली. नदी अगदी गढूळ आहे म्हणाली. वाइन मागवली, दोन घोट घेतले, आवडली नाही, तशीच ठेवली. "कुणी मला काही विचारत नाही हो," ती म्हणाली. इतका मोकळा आवाज मी लग्नानंतर क्वचितच ऐकला असेल. मला भरून आलं.

चौथ्या दिवशी पुन्हा खंडेराव. धाकट्या आर्यनलाही आता दिल्लीत क्लास लावायचाय, वर्षभर तरी राहील, वहिनी परतल्या की पाठवतो. माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलंच होतं. ते गिळलं आणि म्हटलं, सुनीतीला विचारून सांगतो. खंडेराव हसला. वहिनींना काय विचारायचं त्यात? खरंच, कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी तर नाहीच नाही.

मी बोर्दोला फोन लावला. ती नदीकाठच्या एका हॉटेलात जेवायला बसली होती. आर्यनचं सांगितलं आणि म्हटलं, तू सांगशील तसं.

"नाही म्हणून सांगा," ती म्हणाली.

मी लगेच खंडेरावला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.